परतीचं तिकीट नसलेली गाणारी

धुक्यातून एक बोट मोरोक्कोच्या बंदराला लागते आहे. डेकवर एका बाईची बॅग उघडून सामान सांडतं, एक श्रीमंत गृहस्थ ते गोळा करायला मदत करतो आणि आपलं कार्ड देतो. ती कार्ड वाचते आणि शांतपणे फाडून टाकते. ती कोण, असं तो बोटीवरच्या अधिकाऱ्याला विचारतो. अधिकारी सांगतो, असेल कुठली तरी नाटकमंडळीतली. अशा बायका आमच्या बोटीवर नेहमी असतात, एकमार्गी तिकीट काढून येतात आणि कधी परत जात नाहीत. बोटीवरच्या लोकांनी त्यांना नावही ठेवलं आहे, आत्महत्या करायला निघालेले प्रवासी.

हा चित्रपट 'मोरोक्को', १९३०चा. बाई म्हणजे मार्लेन डीट्रिश, दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्ग. पुढे वीस वर्षांनी, १९५० मध्ये, याच दिग्दर्शकानं हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओत पुन्हा एक बोट उभी केली आणि तिच्यावर पुन्हा एक नाइटक्लबची गायिका चढवली. या वेळी बंदर मकावचं आणि गायिका जेन रसेल. ही बाईसुद्धा समुद्रात कागद फेकते, पण तो कागद दुसऱ्याचा असतो. हाँगकाँगहून सुटलेल्या बोटीच्या केबिनमध्ये एक माणूस तिच्या अंगचटीला येतो, ती त्याच्यावर बूट भिरकावते, तो बूट नेमका बाहेरून जाणाऱ्या रॉबर्ट मिचमला लागतो. मिचम तिला सोडवतो, बक्षीस म्हणून चुंबन घेतो, आणि तेवढ्यात ती त्याचं पाकीट मारते. पैसे काढून घेते आणि उरलेलं पाकीट पासपोर्टसकट पाण्यात टाकते.

'मकाव' हा ८१ मिनिटांचा, १९५२ साली पडद्यावर आलेला कृष्णधवल चित्रपट. तो काही फार मोठा चित्रपट नाही, हे आधीच मान्य करतो. पण परदेशात अडकलेल्या गायिकेचे जे चित्रपट त्या काळात निघत, त्यांचं यंत्र कसं चालतं ते या चित्रपटात जितकं उघडं दिसतं तितकं नावाजलेल्या चित्रपटांत दिसत नाही. माझ्या मते या चित्रपटांत बाईला खरा धोका पिस्तुलाचा नसतोच. धोका असतो कागदाचा. कुणाच्या हातात तिकीट, कुणाच्या खिशात पासपोर्ट, कुठल्या सरकारचा शिक्का. खलनायक पुढे येतो तो या कागदांच्या जोरावर.

'गिल्डा' आठवून बघा. १९४६चा, ब्युनोस आयर्समधल्या जुगारखान्यात घडणारा. रिटा हेवर्थची गिल्डा नवऱ्याच्या कैदेतून निसटून माँटेव्हिडिओला पळते, तिथल्या क्लबमध्ये गायला लागते. तिला कुणी बंदूक दाखवून परत आणत नाही. एक सभ्य दिसणारा माणूस तिला पटवतो की इथलं विवाहरद्दीचं काम अर्जेंटिनात चालणार नाही, तिकडे जाऊनच अर्ज कर. ती त्याच्या शब्दावर विसंबून ब्युनोस आयर्सला येते, आणि तो माणूस नवऱ्याचाच पाठवलेला निघतो. एका कायदेशीर सल्ल्यानं पिंजऱ्याचं दार लागतं. त्या प्रसंगी हेवर्थच्या चेहऱ्यावरचं अवसान गळतं ते बघवत नाही.

'मकाव'मध्ये हा कागदाचा खेळ सगळ्या पात्रांवर पसरला आहे. मिचमकडे पासपोर्ट नाही, म्हणून बंदरावरचा भ्रष्ट पोलीस अधिकारी त्याला मुठीत ठेवू शकतो. रसेलला नोकरी मिळते ती हॅलोरन नावाच्या जुगारअड्डेवाल्याकडे. हा हॅलोरन स्वतःही अडकलेला आहे. अमेरिकन पोलिसांना तो हवा आहे, पण मकावच्या किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत त्याला हात लावता येत नाही. त्याला त्या रेषेपलीकडे कसं ओढायचं, एवढ्यावर सगळं कथानक उभं आहे. न्यूयॉर्कचा एक पोलीस फिरत्या विक्रेत्याच्या सोंगात आलेला आहे, तो मिचमच्या हातात चोरीच्या हारातला हिरा देऊन गळ टाकतो. हॅलोरन मात्र मिचमलाच पोलीस समजून बसलेला. शेवटी गोदीवर सुरा बसतो तोही चुकीच्या माणसाला.

तीन मैल हे लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. तोफेच्या माऱ्याइतका समुद्र आपला, या जुन्या समजुतीतून तीन सागरी मैलांची, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटरची हद्द रूढ झाली होती, आणि १९५० मध्ये ती बऱ्याच देशांत चालू होती.

मकावची निवडही नेमकी होती. पर्ल नदीच्या मुखाशी, हाँगकाँगपासून साधारण ६० किलोमीटरवर असलेली ही पोर्तुगीज वसाहत. आपल्याकडच्या वाचकाला तिचं नातं चटकन लागेल, कारण १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. चित्रपट आला तेव्हा गोव्यावरही पोर्तुगालचाच झेंडा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तुगाल ब्रेटन वुड्सच्या, म्हणजे चलन आणि सोन्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात नव्हता, त्यामुळे सोन्याच्या व्यापारावरची आंतरराष्ट्रीय बंधनं मकावला लागू पडत नव्हती. सोनं उघडपणे तिथं उतरे आणि गुपचूप पुढे जाई. १६ जुलै १९४८ रोजी मकावहून हाँगकाँगला निघालेलं 'मिस मकाव' नावाचं कॅटलिना जातीचं पाण्यावर उतरणारं विमान चार जणांनी पळवण्याचा प्रयत्न केला. प्रवासी विमानाच्या अपहरणाच्या इतिहासात ही अगदी सुरुवातीची घटना मानतात. विमान कोसळलं, २६ पैकी एकच वाचला, आणि तो अपहरणकर्त्यांपैकी निघाला. खटला कुठे चालवायचा? मकाव म्हणालं, विमान हाँगकाँगचं, खटला तिकडे. हाँगकाँगचे ब्रिटिश म्हणाले, घटना चिनी हद्दीत घडली, आमचा अधिकार नाही. तीन वर्षं हे चाललं आणि १९५१ मध्ये तो माणूस खटल्याविना सुटला. इतकी माणसं मेली आणि एकाही न्यायालयाला ती आपली वाटली नाहीत. हे वाचलं की 'मकाव'मधला तीन मैलांचा पेच भाबडा वाटेनासा होतो.

आता हे मकाव बांधलं कसं, ते पाहू. कलाकारांनी मकावचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. हाँगकाँग आणि मकावची खरी दृश्यं वेगळी टिपून आणली होती, बाकी सगळं हॉलिवूडच्या बंद स्टेजवर.

असं खरं दृश्य नटांच्या मागे दाखवायचा त्या वेळचा हमखास मार्ग म्हणजे बॅक प्रोजेक्शन. अर्धपारदर्शक पडदा ताणायचा, त्याच्या पाठीमागून आधी टिपलेला समुद्र टाकायचा, पुढे खोट्या कठड्याला टेकून नट बोलणार, आणि समोरून कॅमेरा दोन्ही एकत्र टिपणार. ऐकायला सोपं आहे. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांच्या मोटारी एकमेकींना जखडलेल्या हव्यात, दोन्हींची झडप एकाच क्षणी उघडली पाहिजे. थोडी चुकली की मागचा समुद्र लुकलुकतो किंवा काळा पडतो. पडद्याचा मध्य उजळ आणि कडा मंद, हा दुसरा त्रास. तिसरा सगळ्यांत चिवट: नटावर टाकलेला प्रकाश पडद्यावर सांडला की मागचं चित्र धुऊन जातं. म्हणून नट पडद्यापासून बरेच पुढे उभे करावे लागतात आणि दिवे बाजूनं, कटर म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या पाट्या लावून मारावे लागतात. जुन्या चित्रपटांत बोटीच्या कठड्यापाशी उभ्या माणसांवरचा प्रकाश मागच्या आभाळाशी जुळत नाही, त्याचं कारण हेच.

आणि क्षितिज. मोकळ्या समुद्रावर क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या भिंगाच्या उंचीला येते. मागचं दृश्य उंच डेकवरून टिपलेलं असो की खालून, स्टुडिओत ती रेघ भिंगाच्या उंचीला बसवली नाही, तर माणसं राक्षसाएवढी दिसतात नाहीतर पाण्यावर तरंगतात. पुढच्या वेळी असा प्रसंग लागला तर नटाकडे बघू नका, त्याच्या कानामागून जाणारी क्षितिजाची रेघ बघा.

स्टर्नबर्गला मात्र या सपाट पडद्यात फारसा रस नसावा. त्याची माया जाळ्यांवर. 'मकाव'मधला गोदीवरचा रात्रीचा पाठलाग बघा: टांगलेली मासेमारीची जाळी, दोरखंड, शिडं, आणि त्यांच्यामधून वाट काढत पळणारी माणसं. कृष्णधवल चित्रात खोली दाखवायला रंग मदतीला नसतो. मग कॅमेऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर पातळ थर उभे करायचे. पहिलं जाळं काळं, त्यामागे धूर उजळ, त्यामागे माणूस करडा, त्यामागे पुन्हा जाळं. थोड्या जागेत एवढं केलं की बंदर दूरवर पसरल्यासारखं दिसतं. 'मोरोक्को'मध्येही हाच विचार होता: गल्ल्यांवर पट्ट्या टाकून खाली उन्हाचे पट्टे पाडले, आणि सगळं गावच जाळीखाली आल्यासारखं झालं. कॅमेरामन ली गार्म्स.

धुराचंही शास्त्र आहे. मागून दिवा असेल तर धूर दिसतो, त्याला आकार येतो. समोरून दिवा पडला तर तोच धूर सगळ्या चित्रावर राखेसारखा बसतो, काळं काळं राहत नाही. शिवाय धूर एका जागी थांबत नाही. पहिल्या टेकला दाट, तिसऱ्याला विरळ, आणि संकलनात दोन्ही शेजारी आले की चेहऱ्यामागची भिंत एका कटमध्ये उजळते, दुसऱ्यात बुजते. म्हणून पंखे बंद, दारं बंद, प्रत्येक टेकआधी तेवढाच धूर सोडायचा, सगळीकडे सारखा पसरेपर्यंत थांबायचं. वर तापलेले दिवे. पडद्यावर गारवा दिसतो त्या रात्री स्टेजवर माणसं घामानं निथळत असतात.

चेहऱ्याचा दिवा हा तर स्टर्नबर्गचा स्वतःचा विषय. की लाइट, म्हणजे चेहऱ्यावरचा मुख्य दिवा, समोर पण बराच उंच. नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडली की दिवा बरोबर बसला. गालफडांखाली हलका खळगा येतो, कपाळ आणि गालाची हाडं उजळतात. दिवा वीतभर जास्त वर गेला तर डोळे खोबणीत बुडतात. खाली आला तर चेहरा पोळीसारखा सपाट. बाईनं मान थोडी खाली घातली तरी गणित बिघडतं, म्हणून डीट्रिश त्या प्रकाशात मान किती हळू वळवते ते पाहण्यासारखं आहे. तिच्या गूढपणाचं जे एवढं कौतुक झालं, त्यातला बराचसा भाग दिव्याखाली स्थिर राहण्याच्या शिस्तीचा आहे. यानं कौतुक कमी होत नाही, माझ्या दृष्टीनं वाढतंच.

नाइटक्लबच्या प्रसंगात प्रेक्षकाला वाटतं की सेटवर मोठी धमाल चालू असणार. खरं तर संवाद असेल तेव्हा तिथं स्मशानशांतता असते. गाणं आधीच वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झालेलं असतं. गायिका गाते त्या शॉटला ते कर्ण्यावर वाजवतात आणि ती त्याबरोबर गाते. नुसते ओठ हलवून भागत नाही. मोठ्यानं गायलं नाही तर गळ्याच्या शिरा ताठत नाहीत, बरगड्या हलत नाहीत, आणि श्वास कुठे घेतला ते दिसत नाही. प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. सेकंदाला २४ चौकटी धावतात. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे कर्णा गायिकेपासून १४ मीटरवर ठेवला तर गाणं तिच्या कानावरच एक चौकट उशिरा पोचतं. दोन चौकटींचा फरक लक्ष देऊन पाहणाऱ्याला कळतो. म्हणून कर्णा जवळ, कॅमेऱ्याच्या कडेला लपवलेला.

मग तिचं गाणं मागे चालू असताना पुढच्या टेबलावर हॅलोरन आणि मिचम बोलतात तेव्हा? तेव्हा कर्णा बंद. वादक वाजवल्याचं सोंग करतात, नाचणारी जोडपी बुटांच्या तळाला नमदा लावून मुक्यानं नाचतात, फक्त दोघांचा संवाद माइकवर जातो. संगीत नंतर खाली घालतात, म्हणजे कितीही कट झाले तरी सूर तुटत नाही. इथे हमखास होणारी चूक अशी, की खोली शांत असल्यामुळे नट नकळत हळू बोलतात. नंतर संगीत चढवलं की ते कुजबुजल्यासारखे वाटतात आणि समोरच्याला ऐकू कसं आलं हा प्रश्न पडतो. कसलेला नट नसलेल्या संगीतावरून आवाज फेकतो, मान जरा पुढे काढून बोलतो. मिचम या कामात पक्का होता. त्याच्या सुस्तपणाला फसू नये.

जेन रसेल स्वतःच्या आवाजात गाणारी. 'वन फॉर माय बेबी' हे हॅरल्ड आर्लन आणि जॉनी मर्सर यांचं गाणं १९४३ मध्ये फ्रेड अस्टेअरनं गायलेलं, म्हणजे पुरुषाचं: रात्री उशिरा बारवाल्याशी बोलणाऱ्या एकट्या माणसाचं. रसेल ते बाईचं करून टाकते. हॅलोरनच्या क्लबमध्ये ते ऐकताना कळतं की ही बाई अशा पुष्कळ गावांत गायली आहे आणि प्रत्येक गावातून पैसे कमी पडत असताना निघाली आहे. रिटा हेवर्थच्या बाबतीत मात्र आवाज अनिता एलिसचा होता. आपल्याला प्लेबॅकचं नवल नाही, तिकडे मात्र ते झाकून ठेवत.

कपड्यांविषयी थोडं लिहायलाच हवं, कारण ते पडद्यावर जेवढे सहज दिसतात तेवढे नव्हते. गिल्डाचा काळा सॅटिनचा, खांदे उघडे असलेला पोशाख जाँ लुईनं केला. आत घोड्याच्या सरंजामासारखा पट्टा होता, त्यात तीन ताठ पट्ट्या, एक मधोमध आणि दोन बाजूंना. वरच्या काठाला प्लॅस्टिक गॅसच्या ज्योतीवर मऊ करून अंगाच्या घाटाप्रमाणे वळवलेलं. हेवर्थ हात वर करून कितीही नाचली तरी पोशाख तसूभर खाली येत नाही तो यामुळे. 'मकाव'साठी स्टुडिओचा मालक हॉवर्ड ह्यूजनं रसेलच्या पोशाखांवर एक लांबलचक टिपण लिहिलं. त्यात धातूच्या कापडाचा एक पोशाख सोडून बाकी सगळ्यांची त्यानं खरडपट्टी काढली, आणि छातीपाशी कापड कसं बसावं यावर परिच्छेदच्या परिच्छेद खर्च केले. ते वाचताना लाज वाटते. पडद्यावर गायिकेच्या शरीराचा हिशेब जुगारअड्ड्याचा मालक करतो, पडद्यामागे स्टुडिओचा मालक करत होता. तो धातूचा पोशाख पडद्यावर झळाळतो खरा. तशा कापडाचा आवाज होतो, पण प्लेबॅकवर गायचं असल्यानं माइक बंदच असतो, म्हणून चालून जातं.

स्टर्नबर्गचं काम ह्यूजला पसंत पडलं नाही. निकोलस रे या दुसऱ्या दिग्दर्शकाला बोलावून बराच भाग पुन्हा चित्रित केला, श्रेयनामावलीत रेचं नाव नाही. पुन्हा चित्रीकरण म्हणजे कंटिन्युइटीची, एका शॉटचं दुसऱ्याशी जुळण्याची परीक्षा. केसांची लांबी बदललेली असते, वजन बदललेलं असतं, सेट मोडून पुन्हा लावलेला असतो, आणि आधीच्या शॉटमध्ये नजर कुठल्या बाजूला होती ते कुणाला आठवत नाही. दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्यानं एकदा ओलांडली की समोरासमोर बोलणारी दोन माणसं एकाच दिशेला बघताना दिसतात. 'मकाव'मध्ये शिवण कुठे आहे याचा मी केलेला अंदाज असा: माणसं गप्प असतात आणि सावल्या बोलतात ते स्टर्नबर्गचं, माणसं हसतखेळत भांडतात ते रेचं. हॉटेलच्या खोलीत रसेल विजेचा पंखा हातात घेऊन मिचमवर धावते, उशी फाटते आणि खोलीभर पिसं उडतात. तो प्रसंग मजेशीर आहे, पण धोक्याची हवा तिथं पार निघून जाते. या ओढाताणीत सर्वांत जास्त अन्याय झाला तो ग्लोरिया ग्रॅहमच्या मार्जीवर. हॅलोरनची मैत्रीण, पटावर फासे चालवणारी, नव्या गायिकेकडे पाहताना स्वतःचं भविष्य दिसणारी बाई. तिला चार प्रसंग जास्त द्यायला हवे होते.

जुगारअड्ड्यातली एक गोष्ट मात्र अस्सल मकावची. वरच्या सज्जात बसलेले लोक पैसे टोपलीत घालून दोरीनं खाली पटावर सोडतात, जिंकले तर टोपली वर ओढतात. मकावमध्ये फॅन-टॅन या चिनी जुगाराच्या घरांत खरोखर अशीच पद्धत होती. पटावर मूठभर नाणी किंवा बटणं वाटीखाली झाकायची, पैजा लागल्या की काठीनं चार-चार बाजूला करत जायचं, शेवटी उरतील त्या एक, दोन, तीन की चार, यावर हारजीत. डाव इतका उघडा की फसवणुकीला जागा कमी, आणि तरी घर श्रीमंत होतं, कारण जिंकणाऱ्याच्या रकमेतून घर आपला वाटा कापून घेतं.

या बंदरांचं खरं जगही होतं. अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफोर्ड शांघायच्या क्लबांत वाजवून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, मग कोलकात्याला गेला, आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्यानं वारला. अशा पाहुण्या बँडमास्तरांच्या शेजारी बसून गोव्याचे वादक तयार झाले, आणि तेच पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन घेऊन बसले. हिंदी सिनेमातल्या क्लबच्या गाण्यांना जो अस्सल पितळी झणका आहे तो तिथून आला.

'मकाव'चा शेवट पाण्यात होतो. मिचम हॅलोरनच्या बोटीचा ताबा घेतो, बोट तीन मैलांपलीकडे नेतो, मारामारी होते, बाहेर थांबलेले पोलीस हॅलोरनला उचलतात, आणि भिजलेला नायक नायिकेला मिठी मारतो. एवढ्यावर सुटतं सगळं.

'मोरोक्को' तसं सोडत नाही. डीट्रिशच्या गायिकेला, एमीला, सगळं मिळालेलं आहे: बोटीवर कार्ड देणारा तोच श्रीमंत माणूस आता तिच्याशी लग्न करायला तयार आहे, मोटार उभी आहे, परत जायचं तिकीट मागायची खोटी. पण तिचं प्रेम ज्या शिपायावर आहे तो फॉरिन लीजनच्या, म्हणजे फ्रेंच सैन्यातल्या परदेशी शिपायांच्या तुकडीबरोबर वेशीतून वाळवंटात निघतो. तुकडीमागे शेळ्या हाकत चालणाऱ्या बायकांचा घोळका जातो. ती थोडा वेळ कमानीखाली उभी राहते, मग चालायला लागते. वाळूत उंच टाचांचे बूट रुततात, ती ते काढून टाकते. ढोलांचा आवाज लांब जातो. बायका टेकाडापलीकडे दिसेनाशा होतात. संगीत येत नाही, शेवटची पाटी येते तेव्हाही वाराच वाजत असतो.